फेडर की माऊस? मिक्सिंग करताना हात कुठे असावा

ज्यांच्या खोलीत एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि भिंतीवर टांगलेली जाड गोधडी आहे, आजचा भाग त्यांच्यासाठी. थोडक्यात, ज्यांचा स्टुडिओ आहे त्यांच्यासाठी!

गणपती जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो : "दादा, मिक्सिंगला फेडरवाला कंट्रोलर घेऊ का? की माऊस-कीबोर्डवर भागेल?" पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, त्यामुळे नीट बोलूया.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कार्यक्रमात साउंडवाल्याच्या टेबलावर असतो तो मिक्सर वेगळा. त्याच्यातून आवाज जातो. आपण बोलतोय त्या कंट्रोल सरफेसमधून आवाज जातच नाही. तो फक्त कॉम्प्युटरला निरोप देतो : हा ट्रॅक वर घे, तो खाली घे. म्हणजे तो घेतल्यानं तुमचं गाणं आपोआप भारी वाजणार नाही. बदलते ती फक्त तुमची काम करायची पद्धत. ती बदलून फायदा किती, हे तुम्ही काय मिक्स करता त्यावर ठरतं.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. जाखडीचा शक्ती-तुऱ्याचा सामना. मध्ये शाहीर, कोरस, ढोलकी, झांज, भोवती घुंगरू बांधून नाचणारी पोरं. रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं, सलग, एका दमात. क्लिक-ट्रॅक वगैरे काही नाही, लय माणसांच्या अंगात. एक पार्टी प्रश्न टाकते, दुसरीनं त्याचं उत्तर द्यायचं असतं. इथे शब्दच महत्त्वाचा. प्रश्नातला एक शब्द ढोलकीखाली दबला की पुढचं उत्तर कशाचं, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि ऐकणारा कोण? विरारच्या लोकलमध्ये फोनवर ऐकणारा चाकरमानी. फोनच्या स्पीकरवर ढोलकीचा धुम्म गायब होतो, झांज मात्र कानात घुसते. अशा गर्दीतून शाहिराचा शब्द वर काढायचा, हे खरं काम.

शाहीर माइकपासून कधी मागे जातो, कधी जवळ येतो, कधी कोरसकडे वळतो. मग त्याचा आवाज सतत वर-खाली करावा लागतो. याला म्हणतात व्हॉल्यूम राइड करणं. कॉम्प्रेसर लावून थोडं काम होतं, पण फार दाबला तर माइकमध्ये शिरलेली झांजही वर येते. म्हणून दोन-तीन डेसिबलची हलकी हालचाल हातानंच करायची.

आता हिशोब करू. धरा, मिनिटाला सहा जागा दुरुस्त करायच्या आहेत. चाळीस मिनिटांत झाल्या २४० जागा. माऊसनं प्रत्येक ठिकाणी थांबा, मागे जा, बिंदू टाका, रेघ ओढा, पुन्हा ऐका. एका जागेला अर्धा मिनिट धरलं तरी दोन तास झाले. फेडरवर काय? प्ले दाबा, बोट फेडरवर ठेवा आणि शाहिराबरोबर चला. चाळीस मिनिटं एकदा, चुकलेलं सुधारायला अजून एकदा. ८० मिनिटं. वाचली ४० मिनिटं. अगदीच कमी नाहीत, पण एवढ्यासाठी हजारो रुपये घालावेत का, हा प्रश्न उरतोच.

खरा फरक वेळेचा नाहीच. माऊसनं काम करताना तुम्ही गाणं २४० तुकड्यांत ऐकता. फेडरवर ते सलग ऐकता. शाहीर चढायला लागला की तुमचं बोट आपसूक मागे येतं, ओळीच्या शेवटी त्याचा श्वास संपत आला की ते वर जातं. तुम्ही त्याला साथ करत असता, ढोलकीवाला करतो तशी.

हे काही नवीन नाही. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मिनू कत्रक हिंदी सिनेमाची गाणी रेकॉर्ड करायचे, तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी वाजवायचे-गायचे. समतोल त्याच क्षणी, हातानं. नंतर दुरुस्त करू, ही सोयच नव्हती. पुढे १९७० च्या दशकात नीव्ह कंपनीच्या नेकॅममध्ये फेडर मोटरवर फिरू लागले. माणसानं केलेली हालचाल यंत्र लक्षात ठेवायचं आणि फेडर स्वतःच तसे हलवून दाखवायचं. आजच्या मोटर-फेडरचा तो आजोबा.

मग माऊस वाईट का? अजिबात नाही. तुम्ही तीन मिनिटांचं रॅप करताय, बीट ग्रिडवर बसलेली आहे, आवाज माइकसमोर एकाच अंतरावरून रेकॉर्ड झालाय. इथे राइड करायला फारसं काही नसतं. काम असतं कापायचं, जुळवायचं, खोकला काढायचा, चांगला टेक निवडायचा. त्यात माऊस-कीबोर्डला तोड नाही. फेडर घेऊन क्लिप कापता येत नाही! अर्धा डेसिबल मोजून कमी करायचा असेल तर आकडा टाइप करा, काम झालं. रीपरमध्ये कंट्रोल दाबून फेडर ओढला की तो बारीक-बारीक सरकतो. एस दाबलं की क्लिप तुटते, एम दाबलं की खूण पडते, व्ही दाबलं की व्हॉल्यूमची रेघ दिसते. एवढी चार बटणं बोटांत बसली तरी अर्धी धावपळ कमी होते. हा पॉडकास्टही कीबोर्डवरच एडिट होतो, फेडरला हात न लावता.

आता माझं स्वतःचं मत. आपण भांडण चुकीचं लावतोय. फेडर विरुद्ध माऊस असं ते नाहीच, ते आहे कान विरुद्ध डोळा. माऊस चालवायला स्क्रीनवर बघावंच लागतं. आणि बघायला लागलो की वेव्हफॉर्म मोठी दिसते म्हणून आपण आवाज कमी करतो, ऐकून नाही. फेडर डोळे मिटून चालतो. पण कीबोर्डही डोळे मिटून चालतो, हे आपण विसरतो. दृष्टिहीन मंडळी रीपरमध्ये ओसारा नावाचं एक्स्टेन्शन आणि स्क्रीन रीडर वापरून अख्खं मिक्सिंग कीबोर्डवर करतात. तेव्हा कंट्रोलर परवडत नसेल तर खुशाल स्क्रीन बंद करा आणि एकदा नुसतं ऐका. हा उपाय फुकट आहे.

तरी घ्यायचाच असेल, तर दोन प्रकार समजून घ्या. पहिला, बिनमोटरचा. कॉर्गचा नॅनोकंट्रोल टू घ्या : आठ छोटे स्लायडर, यूएसबीवर चालतो, खिशाला झेपतो. अडचण अशी, की स्लायडर पहिल्या आठ ट्रॅकवर असताना तुम्ही पुढच्या आठवर गेलात, तर स्लायडर जुन्याच जागी राहतात. हात लावला की आवाज एकदम उडी मारतो, नाहीतर आधी स्लायडर जुळवून घ्यावा लागतो. दुसरं, साध्या मिडी निरोपात ० ते १२७ अशा १२८ पायऱ्याच असतात. हळू फेड-आउट करताना त्या पायऱ्या कधीकधी ऐकू येतात.

दुसरा प्रकार मोटरचा. ट्रॅक बदलला की फेडर झर्रकन योग्य जागी जातो. बोट लागलं की त्याला कळतं, तो तुमचं ऐकतो. बोट काढलं की जुन्या रेघेवर परत. मेकी कंट्रोल या पद्धतीत फेडरचा निरोप १४ बिटचा असतो, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची जागा. प्रत्येक यंत्र त्या सगळ्या वापरत नाही, पण १२८ पेक्षा कितीतरी बारीक काम होतं. बेहरिंगरच्या एक्स-टचवर असे नऊ फेडर आहेत. प्रीसोनसच्या फेडरपोर्टवर आणि एक्स-टच वनवर एकच. घरच्या स्टुडिओला एकच पुरतो, कारण राइड एका वेळी एकाच ट्रॅकची करतो आपण. बाकीचे आठ बहुतेक वेळ शोभेला!

आणि कोकणात राहतो हे विसरू नका. खारा वारा, चार महिने पाऊस, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे फेडरच्या फटीत काय होत असेल? ओल आणि धूळ आत गेली की फेडर अडकतो, आकडे थरथरतात. दुरुस्तीला बहुतेक वेळा मुंबईच गाठावी लागते. काम झालं की झाकण घाला, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण अडॅप्टरवरचा मोटर-फेडर तिथेच झोपतो. माऊसला हे दुखणं नाही.

आता तुमच्या खिशातल्या कंट्रोलरबद्दल. हो, फोन! रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल-ओएससी-वेब असा भाग आहे. तिथे वेब ब्राउझर इंटरफेस जोडा. एक पत्ता मिळेल, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर हवेत, फोनचा हॉटस्पॉटही चालतो. झालं, फेडर तुमच्या हातात. लॉजिक वापरत असाल तर लॉजिक रिमोट हे ॲप फुकट आहे. काचेवर बोटाला फेडर जाणवत नाही, हे खरं. पण राइड करणं तुमच्या स्वभावात बसतंय का, हे एक रुपया न घालवता कळतं.

म्हणून माझा क्रम असा. आधी चांगला हेडफोन किंवा मॉनिटर आणि खोलीची गोधडी. मग कीबोर्डचे शॉर्टकट. मग महिनाभर फोनचा फेडर. एवढं होऊनही हात फेडर मागत असेल, आणि तुमच्याकडे जाखडी, नमन, भजनाच्या लांब बाऱ्या येत असतील, तर एक मोटर-फेडर घ्या, बिनधास्त. तीन मिनिटांची गाणीच करत असाल, तर ते पैसे माइकला ठेवा.

या गणपतीत एक करून बघा. गावच्या मंडळाची एक बारी रेकॉर्ड करा, स्क्रीन बंद करून शाहिराचा आवाज एकदा सलग राइड करा आणि मग ते फोनच्या स्पीकरवर घरातल्या आजीला ऐकवा. तिला प्रत्येक शब्द कळला, तर मिक्स झालं. कशानं केलं, ते ती विचारणार नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि कान सांभाळा!