चाकावरचं घर जहाजावर चढतं तेव्हा

आम्ही विठ्ठलवाडीच्या बचत गटातल्या बायका. कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की पहिलंच स्टेशन आमचं. एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने जवळ, म्हणून आमच्या निम्म्या घरांत शिलाई मशीन आहे.

आज आम्ही पापड-लोणच्यांवर बोलणार नाही. आज बोलणार आहोत एका गाडीबद्दल. ही गाडी म्हणजे चाकावरचं घर. आत झोपायला जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी. इंग्रजीत तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. ऐन थंडीत ती चंदीगडहून निघाली, न्हावाशेवा बंदरात पोचली, तिथून जहाजानं दुबईला गेली. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि या गाडीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींची भाची आणि जावई चंदीगडला नोकरीला होते. त्यांनी एक वर्षाची सुट्टी काढली. आखाती देशांतून पुढे जमेल तितकं फिरायचं ठरवलं. आपल्याकडून पश्चिमेला गाडीनं जायचं तर मध्ये पाकिस्तान आहे आणि तो रस्ता बंद आहे. म्हणून बरेच भारतीय प्रवासी गाडी मुंबईहून जहाजानं दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवतात आणि तिथून पुढे चालवत जातात. भाचीचंही तसंच ठरलं. मग तिचा मावशींना फोन आला : गाडीचे पडदे, गाद्यांच्या खोळी, भिंतीवर लावायचे खिसे आणि दोन जाड गोधड्या गटाकडून शिवून हव्यात. शिवाय गाडी मुंबईपर्यंत आणताना जोडीला आणखी एक चालवणारी हवी. आमच्यात एक ताई शाळेची व्हॅन चालवते. तिला पाठवाल का?

बैठकीत आधी सगळ्यांना आनंद झाला. मग एकीनं विचारलं, "पैसे किती?" तिकडून उत्तर आलं होतं, "घरचंच तर आहे, बघू नंतर."

मैत्रिणींनो, "घरचंच आहे" हे वाक्य आपण जन्मभर ऐकत आलोय. स्वयंपाक घरचा, शिवण घरचं, आजारपणातली सेवा घरची. त्याच कामासाठी बाहेरचा माणूस आणला की त्याला मजुरी मिळते. आम्ही त्या बैठकीत ठराव लिहिला. शिलाईचा दर बाजाराप्रमाणे, निम्मे पैसे आगाऊ. व्हॅनवाल्या ताईला पुरुष चालकाला मिळतो तोच रोज, वर जेवणाचा भत्ता आणि जाण्याचं रेल्वेचं तिकीट. भाचीचं कौतुक म्हणून दोनांतली एक गोधडी आमच्याकडून भेट, पण तेही वहीत लिहून. मावशींना जरा जड गेलं. "जावईबापूंना कसं सांगू?" म्हणाल्या. आम्ही म्हटलं, तुम्ही सांगू नका, गटाचं पत्र जाईल. पत्र गेलं. दोन दिवसांनी जावयांचा फोन आला, "बरोबर आहे मावशी, आम्हीच आधी विचारायला हवं होतं." आगाऊ रक्कम गटाच्या खात्यात आली. नातं काही तुटलं नाही.

दुसरी अडचण ताईच्या घरी होती. सासूबाई म्हणाल्या, "शाळेची व्हॅन वेगळी, हे दीड हजार किलोमीटर वेगळं. बाईमाणसाचं काम आहे का?" आम्ही चौघी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारुलता पटेल-कांबळे यांची गोष्ट सांगितली. २०१६ साली त्यांनी ब्रिटनहून एकटीनं गाडी चालवत ३२ देश ओलांडले आणि आपल्या रायगड जिल्ह्यातलं महाड गाठलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिची मुलं कोण बघत होतं?" प्रश्न खरा होता. म्हणून आमच्यातल्या दोघींनी ताईच्या मुलांचे डबे वाटून घेतले. शाळेच्या व्हॅनचा प्रश्न नव्हता, नाताळची सुट्टी होती. सासूबाईंचा होकार त्या डब्यांनी मिळाला.

लायसन्सचीही एक गोष्ट सांगतो, कारण पुष्कळ बायका इथेच अडतात. हलक्या वाहनाचं लायसन्स साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला चालतं. भाड्याच्या, मालाच्या गाडीलाही चालतं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. परदेशात चालवायचं तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतूनच मिळतो आणि एक वर्ष चालतो.

आता शिवणाकडे येऊ. गाडीतलं शिवण घरातल्यासारखं नसतं. गाडी हादरते, म्हणून दुहेरी शिलाई. पडदे दांडीवर सरकून आवाज करतात, म्हणून वर-खाली वेल्क्रो. ओट्याजवळ नायलॉन नाही, जाड सुती कापड, कारण ठिणगी उडाली तर नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. भिंतीचे खिसे आम्ही जीन्सच्या कात्रणांचे केले. सहा जणींनी अकरा दिवसांत काम पुरं केलं आणि ताई गाठोडं घेऊन रेल्वेनं चंदीगडला गेली.

गोधडी किती कामाची होती, ते पहिल्याच रात्री कळलं. अंबाल्यावरून दिल्लीकडे येणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४. डिसेंबरच्या शेवटी तिथे धुकं उतरतं. आपल्याकडे माळशेज घाटात दिसतं तसं नाही, मैलोनमैल सपाट रानावर बसलेलं. पन्नास मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. कर्नाल सोडलं आणि पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेना. जावई म्हणाले, "पानिपतपर्यंत जाऊ, जहाजाची वेळ गाठायची आहे." ताई म्हणाली, "भावजी, मी रोज बारा मुलं घेऊन गाडी चालवते. रस्ता दिसत नसेल तर मी थांबते." आणि ती थांबली. रस्त्याच्या कडेला नाही बरं का. धुक्यात कडेला उभ्या गाडीवर मागून ट्रक येतो. तिनं पुढचा मोठा पेट्रोल पंप गाठला, जिथे उजेड होता, माणसं होती, बाथरूम होतं. तिघांनी रात्र तिथे काढली आणि सकाळी दहानंतर धुकं विरल्यावर निघाले.

धुक्यात गाडी चालवण्याचे तिचे नियम तुम्हीही लिहून ठेवा. मोठा दिवा लावायचा नाही, तो धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. खालचा दिवा लावायचा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायचे नाहीत, मागच्याला आपण वळतोय की थांबलोय ते कळत नाही. काच थोडी उघडी ठेवायची, म्हणजे बाहेरचा आवाज ऐकू येतो. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३ या नंबरवर फोन करायचा. इतर कुठल्याही संकटात ११२.

दिल्लीपासून पुढे महामार्ग ४८. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, वापी. राजस्थानातल्या पहाटेची थंडी आणि वापीनंतरचा आपला दमट वारा, एकाच प्रवासात दोन्ही. धुक्यानं एक दिवस खाल्ला, पण वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवलेले होते. जहाजाच्या कामात हे फार महत्त्वाचं. जहाज सुटण्याच्या आधी काही दिवस बंदराचं दार तुमच्या मालासाठी बंद होतं. त्या वेळेला कट-ऑफ म्हणतात. ती चुकली की कंटेनर मागे राहतो आणि जागेचं भाडं चढत जातं.

एक रात्र गाडी आमच्या वस्तीत उभी होती. अख्खी आळी आत डोकावून गेली. त्याच संध्याकाळी आम्ही आमच्या शिलाईच्या टेपनं गाडी मोजली. हसू नका, ते कामाचं होतं. चाळीस फुटी साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण दोन मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर असते. उंच कंटेनरचं दार साधारण दोन मीटर अठ्ठावन्न. छतावरच्या पंख्यासकट गाडी त्यात बसते का, हे कागदावर नव्हे, टेपवर बघावं लागतं. आमची गाडी उंच कंटेनरमध्ये बसत होती. न बसणाऱ्या गाड्या वेगळ्या जहाजानं जातात. त्यात गाडी चालवतच जहाजाच्या पोटात नेतात.

न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. आपल्या शीळ रस्त्यावरून जे कंटेनर दिवसरात्र जातात, त्यातले पुष्कळ तिथलेच. गाडी तिथे नेण्याआधी टाकीतलं इंधन पावाच्या खाली आणलं. गॅसची टाकी काढून ठेवली. आम्ही भाचीसाठी मेतकूट आणि चकल्या केल्या होत्या. कस्टमच्या एजंटला आधीच विचारून घेतलं होतं, तो म्हणाला, खाण्याचं काही गाडीत नको. ते भाचीनं विमानाच्या बॅगेत नेलं. गाडीतल्या प्रत्येक वस्तूची यादी केली, आमचे पडदे नि गोधड्यासुद्धा. यादी आणि गाडी जुळली पाहिजे. चाकांना लावायच्या लाकडी ठोकळ्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. कीड मारलेलं लाकूड आहे, अशी ती खूण. मग पट्ट्यांनी गाडी आवळली, बॅटरीची तार काढली, दार बंद, सील. सीलचा नंबर लिहून घ्यायचा.

सगळ्यांत मोठा कागद म्हणजे कार्ने. हा गाडीचा पासपोर्ट समजा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था तो देते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. एक त्या देशात शिरताना कस्टम घेतं, दुसरा बाहेर पडताना, तिसरा शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. अर्थ असा, की गाडी विकायला नेत नाही, परत आणणार आहे. त्यासाठी आधी तारण ठेवावं लागतं, बहुतेक वेळा बँकेची हमी. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असं समजून कर मागतात. आम्ही गटात जामीन राहतो, तसंच हे.

शेवटी विम्याचं. जावई म्हणत होते, चार-पाच दिवसांचा तर समुद्र आहे, विमा कशाला? आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "जहाजाला काही झालं तर नुकसान कुणाचं?" एजंटनं सांगितलं ते ऐकून आम्ही चकित झालो. समुद्राचा फार जुना कायदा आहे. जहाज वाचवण्यासाठी कप्तानानं काही माल समुद्रात टाकला किंवा सुटकेसाठी खर्च केला, तर तो ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. तुमच्या गाडीला ओरखडासुद्धा नसला तरी. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन जहाज सहा दिवस अडकलं, तेव्हा हाच नियम लावला होता. आपला वाटा भरल्याशिवाय माल हातात मिळत नाही. विमा असेल तर तो वाटा विमा कंपनी भरते. आजी म्हणाल्या, "म्हणजे जहाजाचाही बचत गटच की. पण आपण एकमेकींना ओळखतो, इथे कोण कुणाला ओळखतं?" जावयांनी त्याच दिवशी विमा उतरवला.

गाडी दुबईला पोचली. उरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला आली. सहा जणींच्या हातात शिलाईचे पैसे पडले. ताईनं आपल्या रोजातून गटाच्या कर्जाचे दोन हप्ते एकदम फेडले. सासूबाई आता शेजारणीला सांगतात, "आमची सून चंदीगडहून गाडी घेऊन आली."

मैत्रिणींनो, सगळ्यांच्या घरून गाड्या परदेशी जाणार नाहीत. पण काम सगळ्यांच्या घरी येतं, आणि "घरचंच आहे" म्हणत येतं. तेव्हा तीन गोष्टी करा. दर आधी ठरवा आणि वहीत लिहा. वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवा, म्हणजे धुक्यात थांबायची हिंमत होते. आणि नुकसान झालं तर कुणाचं, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. लाज वाटत असेल तर एकटीनं विचारू नका, गटाचं पत्र पाठवा.

तुमच्या गटात कुणाला गाडी शिकायची असेल, तर पुढच्या मासिक बैठकीत तो विषय घ्या. आमची व्हॅनवाली ताई यायला तयार आहे. तिचा दर ठरलेला आहे.