ऑर्गनवाले मास्तर आणि आम्ही पेटीवाले

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पेटी हे वाद्य आपण मराठी माणसांनी इतकं आपलं करून टाकलं आहे, की ते मुळात कुठून आलं हा प्रश्न भजनाला बसलेल्या कुणाच्याही मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता. अंधेरीच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवू लागलो, त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. पेटीचं मूळ गाव मला सांगितलं ते आमच्याच भागातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका गोंयकार गृहस्थांनी. सारी वस्ती त्यांना मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणतो. ते मला 'पेटीवाले' म्हणतात. आमची ओळख झाली ती एका दुरुस्तीच्या दुकानात. त्यांच्या जुन्या ऑर्गनचे आणि माझ्या पेटीचे सूर एकाच कारागिराकडे घासायला आले होते.

"अहो पेटीवाले, तुमची ही बाई आमच्या घरची," असं ते म्हणाले, तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण ते खरंच आहे. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास, पॅरिसमध्ये हार्मोनियम तयार झाली. ज्या लहान देवळांना मोठ्या नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे, त्यांची त्यामुळं सोय झाली. मिशनरी मंडळींच्या सामानातून ती आपल्याकडं आली. पुढं कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायानं हलवायचा भाता काढून हाताचा बसवला आणि खुर्चीवरची हार्मोनियम सतरंजीवर उतरली. पायानं भाता मारायचा ऑर्गन मात्र तसाच राहिला. तो गेला बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत. म्हणजे आपण ज्या नाट्यपदांवर माना डोलावतो, त्यांच्या साथीचा सूर आणि रविवारच्या मिस्सेतला सूर एकाच घराण्यातले. आणखी एक गंमत इथंच सांगून टाकतो. १९४० साली रेडिओवर या पेटीला बंदी झाली, ती उठायला १९७१ उजाडलं. ज्या घरानं तिला तीस वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्याच घरात बसून आज मी तिच्याविषयी बोलतो आहे!

चर्चमध्ये वाजवणाऱ्या माणसाचा आठवडा कसा असतो, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. आपल्याला वाटतं, रविवारी सकाळी तासभर वाजवलं की झालं. मास्तर नोकरीत होते तोवर त्यांचा दिवस आपल्यासारखाच लोकलच्या वेळापत्रकावर चाले. बुधवारी रात्री साडेआठला तालीम. चर्चगेटकडून येणारी माणसं घामेजलेल्या अंगानं, डबा हातात घेऊन थेट तालमीला येत. चार प्रकारचे आवाज लागतात, बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन. बायका नेहमी भरपूर. पुरुषांतले वरच्या पट्टीत गाणारे मात्र कधीच पुरेसे नसतात. "माझे टेनर गोरेगावला गाडीत अडकलेत," हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! मग मास्तर स्वतःच ती ओळ गात, दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असताना.

त्यातून मधेच कुणाच्या घरी मयत झाली तर दुपारीच बोलावणं येतं. लग्नाचा हंगामही ठरलेला असतो. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ यांत लग्नं सहसा होत नाहीत, त्यामुळं नोव्हेंबरात आणि ईस्टरनंतर मेमध्ये एकच झुंबड उडते. एका दिवसात दोन-दोन लग्नं. नवरी आत येताना वाग्नर आणि जोडपं बाहेर पडताना मेंडेलसन, हे दोन जर्मन गृहस्थ अंधेरीच्या गावठाणात जितके वाजले असतील तितके त्यांच्या गावी तरी वाजले असतील का, कुणास ठाऊक. हल्ली नवऱ्यामुलीला सिनेमातलं गाणं हवं असतं आणि फादरना ते नको असतं. मधल्या मधे सापडतो तो ऑर्गनवाला. लग्नाचे चार पैसे मिळतात. रविवारचं आणि मयताचं वाजवणं मास्तरांनी कधी पैशात मोजलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पवित्र सप्ताह. गुरुवारी संध्याकाळी ग्लोरिया म्हणताना घंटा वाजतात, ऑर्गन भरभरून वाजतो आणि मग एकदम बंद होतो. शनिवारी रात्री ईस्टरच्या ग्लोरियापर्यंत त्याला हात लावायचा नाही. घंटासुद्धा नाही, तिच्याऐवजी लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज. गुड फ्रायडेला मी एकदा मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. मास्तरांनी छोट्या शिट्टीतून एक सूर दिला आणि पन्नास माणसं कसल्याही आधाराशिवाय गायला लागली. तंबोऱ्याशिवाय गायची कल्पनाही आपल्याला सहन होत नाही. गाणं संपेपर्यंत सगळे मिळून जवळजवळ अर्धा सूर खाली आले होते. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "आज खाली येऊ दे. आज कोणी वर जायचं नसतं."

आता थोडं मागं जातो. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या जोडीनं गावशाळा असत. तिथं पोरांना सोल्फेज, म्हणजे स्वरलेखन पाहून गाणं, आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकवणाऱ्याला म्हणत मेस्त. पिढ्यान् पिढ्या या शाळांतून कागद वाचून वाजवणारी माणसं तयार झाली आणि पोटासाठी मुंबईला आली. इथं त्यांना बोलपटांनी उचललं. संगीतकाराला चाल सुचायची, पण ती चाळीस वाद्यांत वाटून कागदावर उतरवायला कोण? सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावं तिथं येतात. पडद्यावर ती फारशी आली नाहीत, हे आपल्या सिनेमाचं न फिटलेलं देणं आहे असं माझं मत आहे.

यातले अँथनी गोन्साल्विस हे मास्तरांचं दैवत. मास्तरांचे वडील त्यांच्याच बाजूच्या गावचे, साष्टीतले. गोन्साल्विस १९२७ साली माजोर्ड्याला जन्मले. वडील तिथल्या चर्चचे कॉयरमास्तर. १९४३ मध्ये मुंबईत येऊन ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. शिकवण्याही करत. ट्रम्पेट वाजवणारे पंडित रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा त्यांच्याकडं व्हायोलिन शिकायला यायचा. तो मुलगा म्हणजे पुढं लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये भल्यामोठ्या अंड्यातून सूट-टोपी घातलेले अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि स्वतःचं नाव सांगतात, ते नाव प्यारेलालजींनी आपल्या गुरूचं घातलेलं आहे. आपण सगळे त्या गाण्यावर हसलो, नाचलो. ती गुरुदक्षिणा आहे हे किती जणांना कळलं?

पण मास्तरांना त्या गाण्याचं फारसं कौतुक नाही. त्यांना कौतुक आहे ते १९५८ चं. त्या साली गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला. पाश्चात्त्य सिंफनीच्या साजात आपले राग. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. चर्चमध्ये शिकलेली विद्या आणि इथं येऊन कानावर पडलेलं रागसंगीत यांची गाठ घालायचा तो प्रयत्न. तो चालला नाही, निदान त्यांना हवा तसा नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर सिनेमाकडं न वळता माजोर्ड्याला शांतपणे राहिले आणि २०१२ साली वारले. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून निदान ते आपल्याला पाहायला तरी मिळतात.

राग आणि कॉर्ड यांचं जमवायचं कसं, हा प्रश्न मास्तरांच्या पुढ्यात मात्र दर रविवारी असतो. त्याचं कारण असं. पूर्वी मिस्सा सगळीकडं लॅटिनमध्ये होई. डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषांना दार उघडलं. पुढच्याच वर्षी मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस भरली, पोप सहावे पॉल आले. इथं अंधेरीत महाकाली गुंफांच्या रस्त्यावर जर्मन फादर जॉर्ज प्रॉक्श यांचा ज्ञान आश्रम भजन-नृत्याच्या वाटेनं हेच काम करत होता. आज उपनगरातल्या एकाच चर्चमध्ये सकाळी इंग्रजी, मग कोंकणी, मग मराठी मिस्सा असते. मराठी मिस्सेला येणाऱ्यांत इथल्या मूळच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन असतात, वसईकडचे असतात, नगर-जालन्याकडून आलेलेही असतात. प्रोटेस्टंट मंडळींकडं तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून अभंग-ओवीची परंपराच आहे. हे सगळे आपापल्या चाली घेऊन येतात. गाणार भूपात, साथीला तबला, आणि ऑर्गनवर आमचे मास्तर.

एकदा ते चक्क वैतागून घरी आले. म्हणाले, "पेटीवाले, तुमच्या भूपात मध्यम नाही, निषाद नाही. माझ्या कॉर्डांत एक 'म' मागतो, दुसरा 'नी' मागतो. उरलं काय? सा-ग-प आणि ध-सा-ग. दोन खांबांवर मी घर कसं बांधू?" मी म्हटलं, "मास्तर, घर कशाला बांधता? नुसता सा-प धरून ठेवा, ते आपोआप उभं राहील." त्यांनी संशयानं माझ्याकडं पाहिलं. पुढच्या रविवारी मात्र धरून पाहिलं. त्यानंतर आमचं जे बसणं-उठणं सुरू झालं, ते आजतागायत. सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला ते मला बांद्र्याच्या डोंगरावर घेऊन जातात. गणपतीत आमच्याकडं मोदक खायला येतात आणि आरतीची पट्टी फार वर धरल्याबद्दल सगळ्यांसमोर मला बोलतात. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्यांचं ताट येतं. आमची पत्नी तिला करंजीच म्हणते आणि सारण कमी आहे असंही म्हणते, अर्थात मास्तर गेल्यावर.

आता काळ बदलला. ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आले आणि सिनेमाचे मोठे वाद्यवृंद आटत गेले. चर्चमध्येही इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. बटण दाबलं की ताल सुरू. मास्तर त्याला नावं ठेवत नाहीत, सूर घासावे लागत नाहीत याचा त्यांना आनंदच आहे. तालाचं बटण मात्र ते लावत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, "कम्युनियनची रांग लांबली तर मी एक ओळ परत घेतो. मयताला मुलगी गाताना थांबली तर मी तिच्यासाठी थांबतो. या बटणाला थांबता येत नाही." तरुण मुलं येतात, शिकतात, आणि हाताला वळण लागलं की कॅनडा नाही तर दुबई. त्यात त्यांचा दोष नाही.

या गोष्टीची धार मला कळली ती २०२० साली. मास्तरांचे एक जुने स्नेही होते, व्हायोलिन वाजवणारे. उमेदीत रेकॉर्डिंगच्या शिफ्टा केलेले आणि रविवारी न चुकता कॉयरला बसणारे. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या मयताला ते वाजवत आले. त्या उन्हाळ्यात ते वारले. टाळेबंदी होती, चर्च बंद होती, अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कॉयर नाही, ऑर्गन नाही. मास्तर त्या वीस जणांत नव्हते. त्याविषयी ते वर्षभर एक अक्षर बोलले नाहीत.

निर्बंध उठल्यावर, २०२२ च्या मे महिन्यात, गावठाणातल्या क्रुसाजवळ लादाईन ठरली. लादाईन म्हणजे संध्याकाळी क्रुसापुढं गायची प्रार्थनामाला. प्लेगच्या वेळी उभारलेले असे क्रूस आपल्या उपनगरांत कितीतरी आहेत, रस्तारुंदीतून वाचलेले. लादाईनला व्हायोलिन हवंच, आणि व्हायोलिन तर नव्हतं. मास्तर माझ्याकडं आले. म्हणाले, "त्यांची ओळ तुम्ही पेटीवर वाजवायची." मी म्हटलं, "मला तुमचा कागद वाचता येत नाही." ते काही न बोलता गेले. चार दिवसांनी आले, ते सगळी ओळ सा-रे-ग-म मध्ये, देवनागरीत लिहून. सत्तरी उलटल्यावर त्यांनी माझ्या नातवाच्या पुस्तकावरून आपली स्वरलिपी शिकून घेतली होती. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण मात्रा चोख.

त्या संध्याकाळी आम्ही वाजवलं. गावठाणातल्या बायका गायल्या, रिक्षावाले कडेला थांबले, नंतर उकडलेले चणे वाटले. त्यांच्या घरच्यांनी व्हायोलिनची पेटी आणून क्रुसाच्या पायरीवर ठेवली होती, बंदच. आता त्या व्हायोलिनवर गावठाणातली एक मुलगी मास्तरांकडं शिकते आहे. अजून पहिल्याच पट्टीत आहे, आणि तिला कॅनडाला जायचं नाही असं मास्तर दर आठवड्याला खात्री करून घेतात.

तो कागद माझ्या पेटीच्या झाकणात आहे. एका जागी मास्तर कोमल निषादाखाली रेघ द्यायचे राहिले होते. ती मी पेन्सिलीनं दिली आहे.