व्होल्ट विचारू नका, वायर कुठे जाते ते बघा



रिसोडहून या, कारंज्याहून या, मानोऱ्याहून या. माझ्याकडे येणारा माणूस गुडघा दाखवायच्या आधी एकच गोष्ट विचारतो. "मॅडम, आमची करंटची मशीन ९ व्होल्टची आहे, साडूची २४ ची. त्याला लवकर गुण येईल ना?"

नाही येणार. व्होल्टवर गुण ठरत नाही आणि धोकाही नुसत्या व्होल्टवर ठरत नाही.

रोही आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून तुम्ही झटका मशीन लावता. तिच्या तारेत हजारो व्होल्ट असतात. चुकून हात लागला तर माणूस दचकतो, मागे सरतो, पण सहसा जिवाला काही होत नाही. कारण झटका सेकंदाला साधारण एकदा आणि अगदी क्षणापुरता येतो; त्यातून अंगात जाणारी ऊर्जाही मोजकीच असते. त्याच कुंपणाला कुणी घरातली २३० व्होल्टची लाईन जोडली, तर माणूस जागेवर जातो. अशा बातम्या आपण विदर्भात वर्षानुवर्षं वाचतो आहोत. म्हणजे कमी व्होल्टनं मारलं!

शरीराला कळतो तो करंट, म्हणजे अंगातून किती वीज वाहते ते, आणि ती किती वेळ वाहिली ते. करंट मिलीअँपिअरमध्ये मोजतात. घरच्या विजेचा एक मिलीअँपिअर गेला तर मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही. पन्नास ते शंभर छातीतून गेला, तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस दगावू शकतो. दुखण्यावर लावतात त्या टेन्स मशीनचा, म्हणजे तुमच्या करंटच्या मशीनचा, करंटही ऐंशीपर्यंत जातो. पण एक ठोका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण दोन-अडीचशे भाग टिकतो. म्हणून ती चालते. तिनं दुखणं काही वेळ दबतं, गुडघ्याची झीज भरून येत नाही.

आता माझं मुख्य सांगणं. जिची वायर भिंतीवरच्या बोर्डात गेली आहे, अशा मशीनचे पॅड घरी अंगाला लावू नका. सेलवर चालणारीच घ्या. चार्जिंगची असेल, तर आधी पॅड काढा, मग पिन लावा. दवाखान्यातली मशीन बोर्डावर चालते हे खरं. पण तिच्या आत घरची लाईन आणि रुग्णाची लाईन पक्की वेगळी ठेवलेली असते आणि तिची तपासणी होते. तुमच्या स्वस्त अडॅप्टरमध्ये ते इन्सुलेशन कधी जळेल, सांगता येत नाही.

आणि काय करता तुम्ही? अडॅप्टर बिघडला की मोबाईलचा नाहीतर सेट-टॉप बॉक्सचा चार्जर खुपसता. अरे बाबांनो, पिन बसली म्हणजे जुळलं असं नसतं! पॅडला जेल असतं. कातडीचा जो अडथळा एरवी आपल्याला वाचवतो, तोच जेलनं कमी केलेला असतो. त्यात २३० व्होल्ट आले, तर दोनशेच्या वर मिलीअँपिअर अंगातून जाऊ शकतो. शॉक बसला की हात झटकता येतो, चिकटलेला पॅड कसा झटकाल? "फ्यूज उडेल" म्हणता. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलीअँपिअर. तो तुमच्यासाठी उडत नाही. तीस मिलीअँपिअरला लाईन तोडणारा आरसीसीबी घरात बसवून घ्या, पण त्याच्या भरवशावरही पॅड लावू नका.

पेसमेकर असेल किंवा पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका. छातीवर आणि गळ्यावर पॅड नकोत. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर भाजलेलं कळत नाही, तिथेही नको. हजारो व्होल्टच्या खुर्चीवर बसवून कुणी साखर घालवतो म्हणाला, तर उठून या. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका.

घरात अशी मशीन असेल, तर तिच्या चार्जरसकट जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोवर बोर्डातली पिन काढून ठेवा.