अर्धे ताट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘वजन उतरवण्याची औषधे आणि आयते जेवण’ असे सांगितले. चालक जरा बुचकळ्यात पडले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. हा तर डॉक्टरांचा प्रांत! आमचे म्हणणे असे की, डॉक्टर औषध लिहून देतो खरे, पण ते घेणारा माणूस दुपारी कँटीनच्या रांगेत उभा असतो. तेथे काय शिजले आहे, हे डॉक्टरांच्या हातात नसते. आमचे शाळेतले शिक्षण नववीतच संपले. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि सभासदांचे ऐकून जमवलेले आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

ही औषधे म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. आपल्या देशात टिर्झेपाटाइड ‘माउंजारो’ या नावाने मार्च 2025 मध्ये आले, आणि सेमाग्लुटाइड वजनासाठी म्हणून ‘वेगोवी’ या नावाने जून 2025 मध्ये. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचे. जेवल्यानंतर आपल्या आतड्यांतून काही रस रक्तात उतरतात आणि मेंदूला ‘पुरे झाले’ असा निरोप देतात. औषध त्या रसांची नक्कल करते. शिवाय जठर रिकामे होण्याची गती मंदावते. त्यामुळे चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. काहींना मळमळते, काहींना बद्धकोष्ठ होतो.

गुण येतो, यात शंका नाही. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली, तीत 68 आठवड्यांत वजन सरासरीने सुमारे 15 टक्के उतरले. पण त्याच चाचणीत काही लोकांच्या शरीराचे मोजमाप घेतले, तेव्हा असे दिसले की गेलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन-पंचमांश भाग चरबीचा नव्हताच. त्यात स्नायूही होते. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. ज्याला दिवसभर खुर्चीत बसून सह्या करायच्या आहेत, त्याचे कदाचित यावाचून अडणार नाही. ज्याला साचे उचलायचे आहेत, त्याचे दंड हीच त्याची मिळकत आहे.

एका फौंड्रीतला आमचा सभासद, वय पंचेचाळीसच्या आसपास, हे औषध घेऊ लागला. भूक गेली म्हणून तो खूश होता. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डबा तसाच परत, रात्रपाळीला पुन्हा चहा. तिसऱ्या आठवड्यात भट्टीपाशी त्याला भोवळ आली. शेजारच्याने वेळीच ओढला म्हणून हातावर निभावले. मॅनेजमेंटने ‘निष्काळजीपणा’ म्हणून मेमो दिला. मेमो आम्ही परत घ्यायला लावला, ती हकीकत वेगळी. पण चौकशीत एक गोष्ट बाहेर आली. त्या गृहस्थाने घरातले दूध आणि अंडी बंद केली होती, कारण औषधाला पैसे पुरेनात. माउंजारोची 5 मिलिग्रॅमची कुपी भारतात आली तेव्हा 4,375 रुपयांना होती, आणि अशा चार कुप्या महिन्याला. अनेक कंत्राटी कामगारांच्या हातात महिन्याला एवढे पडत नाहीत. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, म्हणजे औषध स्वस्त होण्याची वाट मोकळी होते. ते स्वस्त झाले की आमच्या वस्त्यांतूनही येणार. म्हणूनच ताटाचा विचार आताच करायला हवा.

विचार साधा आहे. पोटात जागा थोडी उरली, तर त्या जागेत काय घालायचे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबाने धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. सत्तर किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. वजन उतरत असताना स्नायू टिकावेत म्हणून आहारतज्ज्ञ याहून जास्त, किलोला 1.2 ग्रॅमच्या आसपास सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आकडा धरू नये.

आता कोणी म्हणेल, घरी ताजे शिजवून खावे. बरोबर आहे, पण कोणी शिजवायचे? घरातली बाई स्वतः पाळीला जाते, किंवा माणूस खोलीत एकटा राहतो. आयत्या जेवणाला नावे ठेवणारे बहुधा दुसऱ्याच्या हातचे गरम खात असतात. गिरणगावात हजारो गिरणीकामगार खाणावळीच्या जेवणावर जगले. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या स्वतः कामगार चळवळीतल्या. तेव्हा आयते जेवण म्हणजे निकस जेवण, हे आम्हांला मुळीच मान्य नाही.

डब्याचेच पाहा. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ आमटी. अर्धेच खाववत असेल तर माणूस पोळी-भाजी खातो आणि आमटी टाकतो. म्हणजे जे हवे होते तेच जाते. डबेवाल्या मावशींना सांगावे : “मावशी, पोळी एकच द्या, भात नको, त्याऐवजी मटकीची नाहीतर चवळीची उसळ दुप्पट द्या.” त्यांच्या लक्षात लगेच येते. पैशांतही फारसा फरक पडत नाही. जेवायला बसल्यावर आधी उसळ, अंडे किंवा मासा, मग पालेभाजी, आणि पोळी शेवटी.

पाकिटांचे तसे नाही. तेथे मावशी नाहीत, पाठीमागचा बारीक मजकूर आहे. तो वाचावा. शेवयांसारख्या झटपट नूडल्सच्या 70 ग्रॅमच्या पाकिटात प्रथिने सहा ग्रॅमच्या आसपास, आणि मीठ भरपूर. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगतात. रात्रपाळीत तेच करायचे असेल तर मसाल्याची पुडी अर्धी घालावी आणि वर एक अंडे फोडावे. अंड्याने सहा ग्रॅमची भर पडते. तयार डाळीचे पाकीट घेताना आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की वाढणीचे, ते पाहावे. दुकानदार ते सांगत नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम फुटाण्यांत पुन्हा सहा ग्रॅम. पनीर शंभर ग्रॅमला अठरा. सोयाबीनच्या वड्या तर सुक्या वजनाच्या निम्म्या प्रथिनेच, आणि त्या गरम पाण्यात भिजवल्या की झाल्या.

वडापावाविरुद्ध बोलणे आमच्या जिवावर येते. त्यावर आमच्या अनेक गेट मीटिंगा पार पडल्या आहेत. पण तळलेले पोटात रेंगाळते, आणि औषधाने जठर आधीच सुस्तावलेले असते. मग मळमळ व्हायची ती होतेच. टोचल्यानंतरचे एक-दोन दिवस तरी तो टाळावा.

पाणी मात्र भुकेबरोबर विसरू नये. हा वैशाख आहे. भट्टीवरच्या, बसच्या स्टिअरिंगवरच्या माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे, ताक उत्तम. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या जोडीला चालू असतील आणि जेवण चुकले, तर साखर धोक्याइतकी खाली येते. अशांनी गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे. पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल, तर पाळी सोडून दवाखाना गाठावा. व्यायामशाळेतल्या कोणाच्या ओळखीने चिठ्ठीविना कुपी आणू नये, हे सांगण्याचीही वेळ आली आहे.

आणखी एक. औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आले, असे त्याच चाचणीतल्या लोकांवर नजर ठेवून 2022 साली सांगितले गेले. तेव्हा औषध किती दिवसांचे, हे सुरू करतानाच विचारावे.

आता कँटीनकडे येतो. 1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कँटीनची तरतूद होती, आणि तिच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेत ही मर्यादा शंभरावर आणली आहे, आणि कंत्राटी कामगारही त्यात मोजायचे आहेत. नव्या संहितांशी आमचे भांडण पुष्कळ आहे, पण हे कलम वापरून घ्यावे.

एका कारखान्यात आम्ही मागणीपत्रात ‘अर्धे ताट’ घातले : एक पोळी, मोठी वाटी उसळ किंवा दोन अंडी, कोशिंबीर, ताक, निम्म्या दरात. वाटाघाटीत अधिकारी हसले. कंत्राटदार म्हणाला, औषध घेणारी चार माणसे, त्यांच्यासाठी वेगळे भांडे कोण लावणार? महिनाभर करून पाहा, एवढेच आम्ही म्हणालो. रात्रपाळीला भरल्या पोटी डोळे मिटतात, म्हणून औषध न घेणारेच ते ताट जास्त मागू लागले. आता रात्री दोनच्या सुट्टीत उसळ कमी पडते, अशी तक्रार घेऊन माणसे कचेरीत येतात.