वासुदेव गायतोंडे : मौनाचा वारसा

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



डिसेंबर 2013 मध्ये मुंबईस एका लिलावात एक चित्र 23 कोटी 70 लाख रुपयांस विकले गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी वासुदेव सांतू गायतोंडे हे नाव प्रथमच ऐकले. चित्रकारास जाऊन त्या वेळी बारा वर्षे लोटली होती. भावावरून थोरवी ओळखण्याची ही आपली रीत आम्हांस बोचली. म्हणूनच आज हा विषय घेण्याचे आम्ही योजिले.

गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरास झाला. आईवडील मूळ गोव्याचे. ते वाढले मुंबईच्या गिरगावात. 1948 साली सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी मिळविली. आरंभी त्यांच्या चित्रांत माणसे होती, भारतीय लघुचित्रांची रेषा होती. पुढे पाउल क्ले या चित्रकाराच्या अभ्यासातून आकृती विरळ होत गेल्या आणि अखेर उरले ते रंग, प्रकाश आणि अवकाश. 1957 साली टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक लाभले. 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीने ते न्यूयॉर्कला गेले. 1971 साली पद्मश्री मिळाली. एवढे होऊनही ते लोकांत रमले नाहीत. दिल्लीस निजामुद्दीन भागातील लहानशा घरात त्यांनी एकाकी जीवन पत्करले.

“हे चित्र कशाचे?” हा प्रश्न आपल्या ओठी सहज येतो. गायतोंडे यांना आपल्या चित्रांस ‘अमूर्त’ म्हटलेलेही रुचत नसे. चित्र हे कशाचे तरी सार नसून स्वतःच एक वस्तू आहे, अशी त्यांची धारणा होती. रोलरने रंगाचा थर द्यावा, नाइफने तो खरवडावा, पुन्हा थर द्यावा, आणि मग वाट पाहावी, ही त्यांची रीत. वर्षाकाठी चित्रे होत ती मोजकीच. उरलेले दिवस बाहेरून पाहणाऱ्यास रिकामे वाटत; पण चित्र घडे ते त्याच दिवसांत. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता, तो या शांतपणाशी सुसंगतच म्हटला पाहिजे.

1984 साली अपघात झाला व मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर लहान रेखाटने केली. पुढे पुन्हा कॅनव्हासकडे वळले. 10 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन झाले. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. जगाने दखल घेतली, पण उशिरा.

बंधूंनो, येथेच आम्हांस स्वतःस एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या घरी असा एखादा मुलगा वा मुलगी दिवसचे दिवस कोऱ्या कागदापुढे बसून राहिली, तर आपण तिला बसू देऊ काय? की “याने पोट भरेल का?” म्हणून उठवू? गुणवंतांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, आणि ते योग्यच होय. परंतु सत्कार होतो तो फळ दिसल्यावर. झाडास पाणी लागते ते त्याआधी.

गायतोंडे यांनी मागे ठेवलेला वारसा कोटींच्या आकड्यांत नाही. घाई न करता, टाळ्यांची अपेक्षा न धरता, स्वतःच्या कामाशी प्रामाणिक राहावे, हाच तो वारसा. तो जपण्यास श्रीमंती लागत नाही. लागतो तो धीर, आणि घरच्यांचा थोडा विश्वास. तेवढा आपण देऊ, अशी आशा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.