खडकांचे वय कसे कळते?



आपण कार्ल्याची लेणी पाहायला जातो. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, हे तेथील शिलालेख आणि लिपी यांवरून सांगता येते. पण ज्या काळ्या कातळात ती कोरली, तो कातळ किती जुना? त्याचे वय कोणी लिहून ठेवलेले नाही. "तेव्हा पाहायला कोण होते?" असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचेच उत्तर पाहू.

भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. सर्वांत खालची भाकरी आधी भाजलेली, वरची नंतरची. खडकांच्या थरांनाही हाच नियम लागू आहे, हे स्टेनो यांनी १६६९ साली मांडले. आपल्या घाटांत लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. म्हणजे एक थर निवाल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. पण यावरून फक्त क्रम कळतो, वर्षे कळत नाहीत.

वर्षे मोजायला घड्याळ हवे. ते निसर्गानेच खडकात ठेवले आहे. १८९६ साली बेकरेल यांनी किरणोत्साराचा शोध लावला. किरणोत्सारी मूलद्रव्य ठरावीक गतीने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलत जाते. ठरावीक काळात अर्धे उरते, तेवढ्याच काळात पुन्हा चतकोर, मग नितकोर. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. ऊन, पाऊस, वारा यांनी ही गती बदलत नाही.

लाव्ह्यात किरणोत्सारी पोटॅशियम असते. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. त्याच्या काही भागाचा अरगॉन वायू बनतो. लाव्हा वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. खडक घट्ट झाला की आत साठू लागतो. साठलेला अरगॉन आणि उरलेले पोटॅशियम मोजले की वय निघते. दुसरा साक्षीदार झिरकॉन हा बारीक खनिजकण. तो तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळपास घेतच नाही. म्हणून त्यात सापडणारे शिसे युरेनियमपासूनच झालेले असते. आपल्या तांबड्या पट्ट्यांतील ज्वालामुखीच्या राखेत असे झिरकॉन मिळाले आहेत. दोन्ही साक्षीदार वेगवेगळे, पण उत्तर एकच देतात : सुमारे ६.६ कोटी वर्षे!

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक सांगितली पाहिजे. कार्बन-१४ ने खडकांचे वय काढत नाहीत. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. लाकूड, हाडे, कोळसा अशा वस्तूंसाठी, तेही सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच, ते उपयोगी पडते.

आता पृथ्वीचे वय. लॉर्ड केल्व्हिन हे त्या काळचे फार मोठे शास्त्रज्ञ. पृथ्वी निवत आली, त्या हिशेबाने १८९७ साली त्यांनी तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे सांगितले. गणित बिनचूक होते. पण पृथ्वीच्या पोटातील उष्णता घट्ट खडकातून झिरपतच बाहेर येते, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचेच पूर्वीचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली या गृहीतकावर बोट ठेवले होते. नाव कितीही मोठे असो, गृहीतक चुकले की उत्तर चुकते.

पृथ्वीचा पृष्ठभाग सतत मोडतो आणि नव्याने घडतो, म्हणून तिचे पहिले खडक उरलेले नाहीत. कॅनडात सुमारे ४०० कोटी वर्षांचा खडक आणि ऑस्ट्रेलियात सुमारे ४४० कोटी वर्षांचे झिरकॉन मिळाले आहेत. त्यापलीकडे जाण्यासाठी क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीबरोबरच जन्मलेल्या अशनींकडे मोर्चा वळवला. ॲरिझोनात पडलेल्या अशनीतील शिसे मोजताना आकडे जुळेनात. बाहेरचे शिसे हवेतून, भांड्यांतून, अंगावरून नमुन्यात शिरत होते. त्यांनी कित्येक वर्षे खर्चून अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली उत्तर प्रसिद्ध केले : ४५५ कोटी वर्षे, चुकीची शक्यता ७ कोटींची. आजही सुमारे ४५४ कोटी हाच आकडा मानला जातो.

हवेतील ते शिसे कुठून आले, याचाही त्यांनी माग काढला. पेट्रोलमध्ये शिसे मिसळणाऱ्या उद्योगांचा विरोध पत्करून ते बोलत राहिले. पुढे देशोदेशी असे पेट्रोल बंद झाले. भारतात २००० साली. दगडाचे वय काढायला निघालेल्या माणसामुळे लेकरांच्या श्वासातले विष कमी झाले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, "पाहायला कोण होते?" याचे उत्तर एवढेच : खडक होता आणि त्याने नोंद ठेवली आहे. कोणी वय सांगितले तर विचारा : कशावरून? किती चुकू शकते? दुसऱ्या पद्धतीने तपासले का? आम्ही सांगतो म्हणून आमचेही ऐकू नका. आम्हालाही हेच विचारा.