साठत जाणारे लोह

हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात आतडे अन्नातले लोह गरजेपेक्षा जास्त शोषते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. निरोगी माणसात रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाते. त्यावर ताबा असतो यकृतातल्या हेप्सिडिन या संप्रेरकाचा. एचएफई जनुकात दोष असला की हेप्सिडिन कमी पडते आणि लोह यकृत, हृदय, स्वादुपिंड, सांधे यांत साचू लागते. हा जनुक १९९६ मध्ये सापडला. आयर्लंड आणि उत्तर युरोपात हा दोष बराच आढळतो, भारतात तो विरळ आहे. आपल्याकडे लोह साठते ते मुख्यतः थॅलेसेमियात, वारंवार रक्त चढवल्याने, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

हिमोक्रोमॅटोसिसमध्ये चाळिशीपर्यंत बहुधा काही जाणवत नाही. मग थकवा येतो, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेले सांधे दुखतात. हे दुखणे वयावर ढकलले जाते, आणि घात होतो तो इथेच: पुढे यकृताचा सिऱ्होसिस, मधुमेह मागे लागतात.

उपचार मात्र अगदी साधा आहे, रक्त काढणे. सुमारे ५०० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. सुरुवातीला दर आठवड्याला आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन) उतरल्यावर वर्षातून तीन-चारदा रक्त काढतात. पालेभाजी सोडावी लागत नाही; मद्य, लोहाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळाव्यात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना हा दोष असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्यांनी लक्षणांची वाट न पाहता फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) तपासून घ्यावे.